बयनाबाईनं सांगितलेलं वय

टाकळीत बयनाबाईबद्दल बरं बोलणारं माणूस शोधायला निघालात तर दिवसभर फिराल आणि शेवटी भैंशाला माझ्या दारात याल. मीही बरं बोलेनच याची खात्री नाही. बाई भांडकुदळ. कोणाच्या बकरीनं तिच्या कुंपणाची काटकी खाल्ली तर बकरीच्या मालकाचे आजे-पणजे उकरून काढायची. नवरा नागोराव होता तोवर निम्मं भांडण घरात जिरायचं; तो गेला आणि सगळं गावाच्या वाट्याला आलं. मूलबाळ नाही. नाल्यापलीकडं काळ्या मातीचं रान, तेवढीच काय ती इस्टेट. त्या रानात गाडी न्यायची तर माणिकरावाच्या शेतातून जावं लागतं, दुसरी वाट नाही.

माणिकराव तिचा शेजारी. दोन घरांत एकच मातीची भिंत. त्याची बायको लवकर वारली, घरात तो आणि पोरगा दौलत. घरात भाकरी टाकायला कोणी नाही म्हणून १९९२ च्या उन्हाळ्यात त्यानं दौलतचं लग्न उरकलं. पोरगी गोदावरीपलीकडची, धर्माबादकडची. नाव पंचफुला. बाप नाही, माय अंथरुणाला खिळलेली, एक मामा घेऊन आला आणि जेवून निघून गेला.

आमच्याकडं अशा लांबून आलेल्या नवरीला सासरच्या गावात एक माय देतात. लग्नात ती नवरीमागं बसते, हातावर पाणी सोडते, सणाला चोळी देते, आणि सासरी काही वाकडं-तिकडं झालं तर दारात उभं राहून विचारायचा तिला हक्क असतो. तिला धरमाची माय म्हणतात. बहुतेक बाया चोळी देतात आणि हक्क विसरून जातात. पंचफुलाची धरमाची माय बयनाबाई झाली, कारण ती शेजारी होती आणि माणिकरावाला दूर जाऊन कोणाच्या पाया पडायचं नव्हतं.

मांडवात कोणीतरी सरकारी माणूस आलेला. त्यानं सहज विचारलं, "मुलीचं वय काय?" असल्या वेळी उत्तर मायनं द्यायचं असतं. बयनाबाईनं मोठ्यानं सांगितलं, "अठरा." पोरगी पंधराची होती. हातातला चुडा मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होता. त्या माणसानं चुडा पाहिला, मग बुंदी खाल्ली आणि गेला.

पुढचं वर्ष-दीड वर्ष पंचफुला चांगली नांदली. मग ९३ च्या दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली, आणि वेचणीतच ते पहिल्यांदा दिसलं.

बाया ओळीनं वेचत चालल्या होत्या. पंचफुला मागं राहिली. बयनाबाई तिच्यावर ओरडायला वळली आणि बघते तर पोरगी ओटीतला कापूस काढून रिकाम्या बोंडात परत भरते आहे. अंगठ्यानं दाबून, नीट.

"काय करून राह्यली वं?"

"उघडं पडलं ना, माय. थंडी वाजते त्याले."

बाया हसल्या. "मी बी हासली," बयनाबाई मला नंतर म्हणाली. आठ दिवसांनी हसणं बंद झालं. पंचफुलाचं जेवण सुटलं, झोप सुटली. कोणी हाक मारली तर ती हाक ऐकायची, पण ओ दुसरीकडंच बघून द्यायची. एकदा विहिरीच्या काठावर बसून आत पाय सोडले आणि खाली कोणाला तरी म्हणाली, "आली, आली, काऊन घाई करता?" बयनाबाईनं वेणी धरून मागं ओढली.

त्या दिवसापासून माणिकरावानं तिला कापसाच्या खोलीत घातलं. बाहेरून कडी.

बयनाबाई जाऊन त्याच्या ओट्यावर बसली.

"माणिकभाऊ, पोरगी बिमार हाये."

"बिमार नाई, सोंग हाये. कामाचा आळस. वेचनी झाली की बरी होते का नाई पाय."

"आन् नाई झाली तर?"

"तर जितून आली तितं नेऊन टाकतो. दौलतले पोरीचा दुकाळ हाये का?"

"मी धरमाची माय हाये तिची. मले इचाराचा हक्क हाये."

"इचारलं ना? सांगितलं ना? ऊठ मग."

एवढी तोंडाळ बाई, पण दवाखान्याचा शब्द तिनं काढला नाही. त्याला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ महिपत. ८२-८३ ची गोष्ट. पोरगा सतरा वर्षांचा, रात्रंदिवस बडबडायला लागला. तेव्हा जुना कायदा होता, इंग्रजांच्या वेळचा. मनाचा आजार म्हटला की आधी ठाण्यात दरखास्त, मग मॅजिस्ट्रेटपुढं पेशी, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, आणि मग हैदराबाद; आमचा भाग आंध्रात, मोठा दवाखाना तिथंच. दवाखाना सगळ्यात शेवटी. महिपतला दोर बांधून जीपमध्ये बसवलं. निर्मलला नेलं तर साहेब रजेवर. परत ठाण्यात, चोरांच्या खोलीत. दुसऱ्यांदा नेलं, कागद अपुरे. तिसऱ्यांदा त्यानं घाटात जीपमधून उडी टाकली. पाय मोडला, जीव राहिला, पण त्यानंतर त्यानं कोणा माणसाला जवळ येऊ दिलं नाही. दोन वर्षं गोठ्यात काढली आणि तिथंच मेला. दवाखान्याचं तोंडही न पाहता. तेव्हापासून बयनाबाईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की दवाखान्याचा रस्ता ठाण्यातूनच जातो. पंचफुलाला तिनं पंधरा-वीस दिवस त्या खोलीत राहू दिलं ते या भीतीनं. कापसाची खोली वाईट, पण ठाण्यापेक्षा बरी, असा तिचा हिशेब.

भैंशाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, मी तेव्हा मजुरांची संघटना चालवत होतो. शाळा चौथीत सुटली, पण कायदे वाचायची खोड लागलेली. वकील लोक हसायचे, हसू द्या. बयनाबाई एके दिवशी सकाळी माझ्या घरापुढं येऊन उभी राहिली. आमच्या वस्तीत ती कधी आली नव्हती.

"भाऊ, तू कायदे वाचते म्हने."

"वाचतो. बस."

"उभीच बरी हाये."

"माझ्या घरी उभं राहून कोणी बोलत नाही. बस, नाहीतर चालू लाग."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की आता माझे आजे-पणजे निघणार. मग बसली. चहा प्याली, पत्ती कमी म्हणून नाव ठेवलं, आणि विचारलं, "ठान्यात न जाता पोरीले मोठ्या दवाखान्यात घालता येते का?"

मी म्हटलं, "येते. नवा कायदा लागलाय."

"कवा?"

"याच वर्षी, एप्रिलात." ते सांगताना माझं डोकं फिरलंच. १९८७ साली दिल्लीत पास झालेला कायदा सहा वर्षं कपाटात पडून राहिला. त्या सहा वर्षांत किती पोरं दोरीनं बांधून निर्मलला नेली असतील, सांगा. "आता अठराच्या आतलं लेकरू असेल तर पालकानं नुसता अर्ज द्यायचा. डॉक्टरला पटलं की भरती. ठाणं नाही, मॅजिस्ट्रेट नाही. पोरीचं वय काय?"

तिनं कपबशी खाली ठेवली.

"बयनाबाई, वय काय?"

"खरं का मांडवातलं?"

मग तिनं सगळं सांगितलं. खरं सोळा, मांडवातलं आता एकोणीस झालं असतं. मी कपाळाला हात लावला. सोळा सांगितलं तर दवाखान्याचं दार उघडतं, पण बालविवाहाचा गुन्हा आपोआप कबूल होतो. माणिकराव, दौलत आणि माय म्हणून मांडवात बसलेली ही बाई, तिघंही त्यात येतात. बायांना कैद नाही, दंड आहे, हे मी तिला सांगितलं.

"दंड बी देनार नाई मी," ती म्हणाली. "पन माणिकभाऊवर गुन्हा आला तर तो माही वाट बंद करन. कापूस रानात उभा हाये माहा."

"मग बघ तू."

"मी काय पाहू? तूच वाचलं ना कायदा!" माझ्यावरच ओरडली. मीही ओरडलो. शेजारची माणसं बाहेर आली. शेवटी ठरलं असं, की दौलतला धरायचं. लग्न झालेल्या पोरीचा पालक कायद्यानं नवरा. तो नाही आला तर काही खरं नाही.

दौलत बावीस वर्षांचा, बापापुढं मान वर न करणारा. बयनाबाईनं त्याला कडबा कापताना गाठलं. काय बोलली मला माहीत नाही, नंतर विचारलं तर म्हणाली, "शिव्या देल्या, अजून काय." तो तयार झाला, पण एका अटीवर. वय एकोणीसच सांगायचं. त्यानं दार अडेल हे मला माहीत होतं, पण म्हटलं, आधी पोरगी खोलीबाहेर तर येऊ दे, पुढचं पुढं.

माणिकराव कापसाची गाडी घेऊन भैंशाच्या बाजारात गेला त्या सकाळी दौलतनं कडी काढली. मी नाल्याजवळ थांबलो होतो. आत अंधार नव्हता, वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं, आणि पोरगी कापसात गळ्यापर्यंत बसलेली, असं बयनाबाई सांगते. बाहेर यायला तयार नव्हती. बयनाबाईनं स्वतःचा पदर तिच्या डोक्यावर घातला आणि म्हणाली, "चाल, झाकलं आता सगळं." मग आली. गल्लीतून येताना एक जण ओट्यावरून ओरडला, "कुठं चालली वरात?" बयनाबाईनं त्याला उत्तर दिलं नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असेल.

बासरहून रेल्वे. माणिकराव बाजारातून घरी पोचला असेल, आपल्या मागं निघाला असेल, म्हणून दर स्टेशनला दौलत खिडकीतून मागं बघायचा. पंचफुला बयनाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, डोळे उघडे.

हैदराबादचा तो सरकारी दवाखाना मोठा. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "उम्र?"

दौलत म्हणाला, "एकोणीस."

आम्हाला एका डॉक्टरीणबाईकडं पाठवलं. तिनं पंचफुलाला बसवलं, नाडी पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या, तेलुगूत काही विचारलं, मग हिंदीत. पंचफुला भिंतीकडं बघत राहिली. डॉक्टरीण मला म्हणाली, "बहुत बिमार है. लेकिन उन्नीस की है तो खुद बोलना पडता, मेरेको भर्ती करो. नहीं तो दो डाक्टरां के सर्टिफिकेट लाओ, एक सरकारी डाक्टर का. नहीं तो मॅजिस्ट्रेट का आर्डर."

बाकी हिंदी बयनाबाईला कळली नसेल. मॅजिस्ट्रेट हा शब्द कळला. तिचा चेहरा मी पाहिला आणि माझा आवाज चढला. "नवीन कायदा आहे, बाई! लोकांना परत पाठवायला केला का?" डॉक्टरीण म्हणाली, "कायदाइच बता रई मैं आपको." बयनाबाईनं माझं मनगट धरलं. "तू चूप राय."

मग ती दौलतकडं वळली. "सांग."

दौलत म्हणाला, "सांगितलं ना, मावशी."

"खरं सांग."

"बाबाले जेल होईन."

"आन् इले घरी नेली तर काय होईन? कापसाची खोली होईन. कापूस इकला की हीर होईन." हीर म्हणजे विहीर. दौलतनं खाली बघितलं. डॉक्टरीण आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती; मराठी तिला येत नव्हती, पण खोटं कुठं अडलंय ते तिला कळलं असावं. बाहेर रांग होती. चपराशी दारातून दोनदा डोकावून गेला.

बयनाबाई डॉक्टरिणीच्या टेबलाजवळ गेली आणि टेबलावर हात ठेवला. "सोला," ती म्हणाली. तेवढं हिंदी तिला येत होतं. "सोला साल." आणि मला म्हणाली, "आता माहं सांग इले, जसं मी म्हनते तसं. लगनात माय म्हनून मी बसली होती. अठरा हाये असं मी सांगितलं. माह्या तोंडानं. पोराच्या बापानं नाई सांगितलं, पोरानं नाई सांगितलं. जे लिवाचं ते माह्या नावानं लिव."

मी म्हटलं, "बयनाबाई, विचार कर. एकटी अडकशील."

"तुले सांग म्हनलं ना? सांग!"

मी सांगितलं, शब्द न बदलता. डॉक्टरिणीनं ऐकून घेतलं आणि पोरीचा हात पुन्हा हातात घेतला, मनगट पाहिलं, दात पाहिले. म्हणाली, "सोलाइच लगती मेरेको. मैं डाक्टर हूं, पुलिस नहीं. छोटी है तो गार्डियन की दस्तखत पे आजइच लेती. शौहर कौन है?"

सगळं पुन्हा दौलतवर आलं. त्याच्या पुढं कागद सरकवला. वयाच्या ठिकाणी सोळा लिहिलेलं. पेन हातात घेऊन तो उभा. मला वाटलं, आता पळतो. आवाज निघाला तो पंचफुलाचा. भिंतीकडंच तोंड, आवाज घोगरा, कित्येक दिवसांत न बोललेला. "दौलत, मले झोप लागत नाई."

नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. आमच्याकडं घेत नाहीत. दौलतनं सही केली. सही करताना कागद ओला झाला, डॉक्टरिणीनं तो टिपून घेतला.

बयनाबाई तिच्यासोबत वॉर्डात राहिली. तिथल्या आयांशी दुसऱ्याच दिवशी भांडली. भाषा नव्हती, तरी भांडली. ज्वारीची भाकरी मागितली म्हणे. मी भैंशाला परतलो आणि माणिकराव काय करतो याची वाट बघत बसलो. त्यानं ठाण्यात तक्रार दिली नाही. कशी देणार, स्वतःच अडकला असता. त्यानं शेताच्या बांधावर बाभळीच्या काट्यांचा ढीग टाकला आणि वाट बंद केली.

संक्रांतीनंतर पंचफुलाला घरी सोडलं. खायला लागली होती, झोपायला लागली होती. बोलणं थोडं, पण समोरच्याकडं बघून. गोळ्या रोजच्या, आणि महिन्याला एकदा हैदराबाद. सोळा लिहिलेल्या त्या भरतीच्या कागदावरच औषध मिळायचं. माणिकरावानं दार उघडलं नाही. बयनाबाईनं तिला आपल्या घरात नेलं. दौलत बापाच्या घरात जेवायचा आणि अंगणात या भिंतीला टेकून बसायचा. हैदराबादला तोच घेऊन जायचा. बापाला सांगायचा, भैंशाला जिनिंगचं काम आहे.

बयनाबाईचा वेचलेला कापूस तोवर रानातल्या खोपीत पडून होता, बाकीचा झाडावरच. डोक्यावर गाठोडं घेऊन नाल्यातून किती नेणार? अर्धा दहिवरानं पिवळा पडला. मजूर मिळेनात, माणिकरावानं सगळ्यांना तंबी दिलेली. मी म्हटलं, तहसीलला अर्ज करू. ती म्हणाली, "कर. तुले दुसरं काय येते?"

मग माणिकरावानं गाव जमवलं. चावडीवर, भर दुपारी. मोठेपणाला सुधाकरराव, गावचे जुने कारभारी. मलाही आत येऊ दिलं. नसतं दिलं तरी आलोच असतो. बयनाबाई पंचफुलाला सोबत घेऊन आली. लोक पोरीकडं टकामका बघत होते, अंगावर वेड कुठं दिसतं का ते शोधत. पोरगी बसून राहिली. फक्त बयनाबाईच्या लुगड्याचं टोक मुठीत धरलेलं.

सुधाकरराव समजुतीनं बोलले. "बयनाबाई, भांडन कोनालेच नको. माणिकरावची अब्रू हाये, तुहा कापूस हाये. दोघाचंबी राहीन असं काढू. तू पाच मानसाईपुढं येवढंच सांग, की पोरीचं वय लगनात अठरा होतं. आमी तसं लिहून अंगठे देतो. वाट आज मोकळी."

"आन् दवाखान्यात सोला लिवलं ते?"

"ते चुकीनं लिवलं म्हनाचं. परदेशी गाव, परदेशी भाषा, चुकते."

मी उठलो. "म्हणजे दवाखान्याचा कागद खोटा! उद्या हिनं औषध कशावर आणायचं? आणि हा पोराला दुसरी बायको आणायला मोकळा!"

माणिकराव ओरडला, "तू कोन रे आमच्या गावचा? तुह्या जिनिंगात जाऊन बोंबल!"

मी त्याच्या अंगावर गेलो असतो, दोघांनी धरलं. दौलत मागं खांबाजवळ उभा होता. बाप त्याच्याकडं बघून म्हणाला, "इचारा याले. याच्या बायकोचं वय याले माहीत नसन का?" सगळ्या माना तिकडं वळल्या. दौलत पंचफुलाजवळ जाऊन बसला. बसला तो बायकोच्या अंगाला, बापाच्या नाही.

सुधाकररावांनी पुन्हा बयनाबाईकडं तोंड केलं. "बोल, बाई. शेवटचं इचारतो. वय काय?"

"सोला."

"वाट उघडनार नाई मग."

"सोला."

"या वर्षीचाच कापूस नाई, पुढल्या वर्षी बी नाई उघडनार. समजून घे."

बयनाबाई उठली, पंचफुलाला हाताला धरून उठवलं, लुगडं झटकलं.

"पुढल्या वर्षी इचारसान," ती म्हणाली, "तर सतरा सांगीन."